मागून येताहेत माझे लोक

"मोठे करायला माझी ना नाही हो बाई," फोटोवाला म्हणाला, "पण तो ठिपका परत पुसत बसावं लागेल. मूळ फोटोवरून करायचं म्हणजे तेवढं आलंच."

"कसला ठिपका?"

"तोच हो. तुमच्या फोटोंत असतो तो. नेहमीचा."

एक्स-रेच्या बाई खुर्चीत टेकणार होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढत होत्या. ठिपका हा शब्द त्यांच्यासमोर असा सहजासहजी कोणी उच्चारत नसे. लोकांच्या छातीतले ठिपके शोधता शोधताच त्यांच्या डोळ्यांवर जाड भिंगं चढली होती.

"दाखवा बघू."

फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर एक फोटो उघडला. बाईंचा तो लाडका फोटो. टेकडीचा उतार, खाली वळणं घेत गेलेला पांढरा रस्ता, दोन्ही अंगांना कापणी झालेली रानं आणि वर नुकतं उजाडलेलं आभाळ. रस्त्यावर चिटपाखरू नाही. हा फोटो बाईंनी एक्स-रेच्या खोलीत लावला होता. तो बघून दवाखान्यात नवीन आलेले मोठे डॉक्टर म्हणाले होते, "बाई, बाहेर लोक ताटकळून बसतात. त्या भिंतीवर असं काहीतरी शांत लावू या. सहा द्या, चांगले मोठे करून." त्या दिवसापासून बाईंचा पाय जमिनीवर नव्हता.

"हा मी तुम्हाला छापून दिलेला," फोटोवाला म्हणाला. "आणि हा तुमच्या कॅमेऱ्यातून उतरवलेला. मूळचा."

फोटो तोच. फक्त खालून दुसऱ्या वळणावर, रस्त्याच्या कडेला, मोहरीएवढं काहीतरी काळं दिसत होतं.

"भिंगावर कचरा बसला असेल."

"मलाही आधी तसंच वाटलं. पण कचरा जागा सोडत नाही बाई. हा सोडतो." त्यानं फोटो वाढवत नेला. मोहरीचा वाटाणा झाला आणि वाटाण्याचा माणूस झाला. सायकल कमरेला टेकवून उभा राहिलेला माणूस. "हा तळ्याचा फोटो. हा बघा, बांधावर. आणि हा पुलाचा. इथे झाडाआड गेलाय, पण सायकलीचं चाक राहिलं बाहेर."

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"त्यात बोलायचं काय? पहिल्याच खेपेला तुम्ही म्हणाला होतात, माणूस नको, खांब नको, तार नको, मोकळा मुलूख पाहिजे. म्हटलं बाईंचं मन राखावं. एकेक ठिपका पुसायला अर्धा अर्धा तास घातलाय, पण कधी बोलून दाखवलं का?"

बाई पडद्याजवळ वाकल्या. एवढा वाढवल्यावर त्या माणसाचा चेहरा म्हणजे चार चौकोन झाले होते. पण बाईंना चेहऱ्याची गरज नव्हती. माणूस हाडांवरून ओळखायची त्यांना सवय होती. तो उजव्या पायावर भार देऊन उभा होता. डावा पाय काठीसारखा ताठ, जरा पुढे काढलेला. हा गुडघा पुरता वाकत नाही, हे त्यांना दिसलं. तो का वाकत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. सात वर्षांचा असताना झाडावरून पडला होता. त्याला पाठुंगळीला मारून दोन महिने शाळेत कोणी पोचवलं होतं? बाईंनीच.

"ओळखीचं आहे का कोणी?" फोटोवाल्यानं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "हे सगळे मूळचे आहेत तसे छापून द्या. लहानच द्या. ठिपक्यासकट."

बाईंनी चाळिशीला आल्यावर कॅमेरा हातात धरला आणि एकोणपन्नासाव्या वर्षी एकटीनं बाहेर पडायला सुरुवात केली. कॅमेरा एका डॉक्टरांनी बदली होऊन जाताना दिलेला, जुना. त्याचा मागचा पडदा काडेपेटीएवढा, त्यात आभाळ कुठलं नि जमीन कुठली एवढंच कळायचं. घरी कॉम्प्युटर नव्हता. महिन्या-दोन महिन्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड फोटोवाल्याकडे द्यायचं आणि फोटो घेऊन यायचे, असा शिरस्ता होता.

सुरुवातीला नवरा ऐकायला तयार नव्हता. तो टपाल खात्यात होता. दुसऱ्यांची पत्रं आयुष्यभर गावोगाव पोचवली, पण स्वतःची बायको एकटी कोपऱ्यावर गेली तरी त्याच्या जिवाला घोर लागायचा. "फोटो काढायचे तर बागेत काढ की. फुलं आहेत, कारंजं आहे," असं तो म्हणायचा. लेक तेव्हा घरीच होती. ती आईच्या बाजूनं तावातावानं भांडली. घरात आठ दिवस धुसफुस चालली. आणि नवव्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर नवरा खाली मान घालून म्हणाला, "जा. तुझं तू जाऊन ये. मी नाही अडवणार."

बाईंना त्या दिवशी जे वाटलं ते कोणाला सांगता आलं नसतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. नवऱ्यानं साड्या आणल्या होत्या, आजारपणं काढली होती. पण 'जा' असा शब्द कधी दिला नव्हता. त्या एका शब्दावर त्यांनी त्याचे मागचे सगळे हिशेब मिटवून टाकले.

मग दर रविवारी उजाडता उजाडता बाई सायकल काढत. बरोबर पाण्याची बाटली, चाक दुरुस्तीची डबी आणि गळ्यात शिट्टी. पहिले काही रविवार छाती इतकी धडधडायची, की फोटो हलायचे. हळूहळू भीती विरत गेली. वारा, पक्षी आणि आपल्याच साखळीचा कुरकुर आवाज. कोणाला उत्तर द्यायचं नाही, कोणाला वाढायचं नाही, कोणाला 'श्वास रोखा' म्हणायचं नाही. चढ चढून गेलं की बाई सायकल उभी करत, मागे वळत आणि आपण आलो त्याच रस्त्याचा फोटो काढत. ही त्यांची खोड. लोक पुढचा देखावा टिपतात, बाई मागचा टिपत. एवढं सगळं आपण एकटीनं पार केलं, याचा तो दाखला असायचा.

वाटेत कोणी भेटलंच आणि "एकट्याच का?" असं विचारलं, तर बाई न थांबता सांगत, "मागून येताहेत माझे लोक." ही थाप त्यांना दवाखान्यातल्या एका वयस्क परिचारिकेनं शिकवली होती. चार वर्षांत ती इतकी घोटली गेली, की बोलताना जीभ अडखळत नसे.

आणि खाणीची गोष्ट. ती दोन वर्षांपूर्वीची. दगडाची बंद पडलेली खाण, तिच्यात साठलेलं हिरवं पाणी, त्याचा फोटो घ्यायला बाई गेल्या होत्या. तिघे जण दोन मोटारसायकलींवरून आले. आधी हसले, मग काहीबाही बोलले, मग त्यातल्या एकानं बाईंच्या सायकलीचं हँडल धरलं. गळ्यातली शिट्टी बाईंना आठवलीच नाही. पण तोंडातून आवाज निघाला तो एक्स-रेच्या खोलीतला. "हात काढा. मागे व्हा. तिथेच उभे राहा. हलायचं नाही." तिघे एकमेकांकडे बघायला लागले. मग हँडल धरणाऱ्यानं हात काढला आणि तिघे गाड्या वळवून निघून गेले. बाई डोळे मिटून खाली बसल्या. मग उठल्या, कॅमेरा काढला आणि खाणीच्या वरच्या रस्त्याचा फोटो घेतला. तो फोटो काही फार चांगला नव्हता, पण त्यांच्या उशाशी तोच असायचा.

ती गोष्ट दवाखान्यात सगळ्यांना पाठ होती. रात्रपाळी करून एकट्या घरी जाणाऱ्या मुली ती परत परत सांगायला लावत. लेक परगावी नोकरीला गेली, एकटी खोली घेऊन राहिली, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "आपला आवाज आपल्याला पुरतो, एवढं ध्यानात ठेव."

रविवारी दुपारी भाऊ जेवायला आला. तो दर रविवारी यायचा. त्याला लहानपणापासून सगळे बारक्या म्हणत. मधल्या काळात तो चांगला पिंपासारखा सुटला होता, पण गेल्या चार वर्षांत उतरला आणि नावाला परत जागला. "रविवारी सकाळी फिरतो ताई," असं सांगायचा. बाई त्याचं कौतुक करायच्या. गेल्या वर्षी तो डावा गुडघा धरून दवाखान्यात आला होता. बाईंनी स्वतः एक्स-रे काढला आणि फिल्म उजेडाला धरून ओरडल्या, "अरे, हाडावर हाड घासतंय. करतोस तरी काय या पायानं?" तो हसून म्हणाला होता, "जिने चढतो ताई, दुसरं काय."

त्या रविवारी बाई सकाळी बाहेर पडल्याच नव्हत्या. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिल्या. दुपारी त्यांनी तिघांची ताटं घेतली, वाढलं, आणि बारक्यानं पहिला घास घेतल्यावर त्याच्या ताटाशेजारी एकेक करत फोटो मांडले. एकोणीस होते.

बारक्यानं पहिला बघितला. दुसरा बघितला. मग घास गिळून भावोजींकडे बघितलं.

"चांगले आलेत," नवरा म्हणाला.

"यात कोण आहे?"

"कुठे? मला तर कोणी दिसत नाही."

"बघा की नीट. चष्मा लावून बघा. माझा देऊ?"

नवरा ताटातलं मीठ बोटानं सारखं करत राहिला. शेवटी म्हणाला, "अगं, तुझ्याच जिवासाठी केलं ना. काही वाईट केलं का?"

"तुम्ही जा म्हणालात."

"म्हणालोच की. अडवलं का एकदा तरी?"

"जा म्हणालात आणि मागे माणूस लावलात. मी काय सुटलेली गाय आहे?"

"माणूस कसला? तुझा सख्खा भाऊ आहे."

"ताई, असं काय करतेस?" बारक्या काकुळतीला आला. "तुला त्रास झाला का कधी? मी आपला लांब. तू थांबलीस की मी थांबायचो. तू सायकलीवर बसलीस की मी बसायचो. थंडीवाऱ्यात चार चार तास... एकदा तर कुत्रं चावलं, तेही सांगितलं नाही तुला."

"दर रविवारी या पाटावर बसून मला काय विचारायचास?"

बारक्यानं आणखी एक घास तोंडात घातला.

"सांग ना. काय विचारायचास?"

"आज कुठे गेली होतीस."

"आणि मी सांगायचे. एवढं एवढं वर्णन करून सांगायचे. अमुक वळणावर ससा दिसला, तमुक ठिकाणी धुकं होतं. तू तोंड उघडं टाकून ऐकायचास. चांगला नट झाला असतास रे. उगाच पाण्याच्या टाकीवर नोकरी केलीस."

नवऱ्याला हसू आलं, त्यानं ते आवरलं. बाईंना नाही आवरता आलं. हसत हसतच त्या म्हणाल्या, "आणि मी रस्त्यावरच्या लोकांना सांगत होते, मागून येताहेत माझे लोक. मला वाटायचं मी खोटं बोलतेय." मग त्यांचं हसू गेलं. "बारक्या, खाणीजवळ होतास?"

पंखा फिरत होता. कोपऱ्यावरचे दोन फोटो वाऱ्यानं उडाले ते कोणी उचलले नाहीत.

"होतो," बारक्या म्हणाला. "म्हणजे, लांब होतो."

"किती लांब?"

"चांगला लांब. वरच्या रस्त्याला. काय चाललंय तेसुद्धा धड दिसत नव्हतं मला."

"त्यांनी तुला बघितलं?"

उत्तर देण्याआधी त्यानं पुन्हा भावोजींकडे एकदा बघितलं. अगदी पापणी लवेपर्यंतच. पण बाईंच्या नोकरीत माणूस जरासुद्धा हलला तरी कळत असे.

"नाही ताई. तुझी शपथ. ते तुलाच घाबरले."

"माझी शपथ घेतलीस?"

"घेतली."

"बरं," बाई म्हणाल्या. "जेव. निवतंय."

नवऱ्याला वाटलं, प्रकरण मिटलं. हात धुताना तो म्हणाला, "आणि सगळं माझ्या माथी नको मारूस. कल्पना माझी नव्हती. लेकीची होती. बाबा, आईला जाऊ दे, मामाला मागे पाठवा, असं तीच म्हणाली."

बाईंच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. आठ दिवस आपल्या बाजूनं भांडत होती ती ही. आईचा वकील तीच आणि सरकारी वकीलही तीच.

लेकीनं फोन उचलला तेव्हा मागून रहदारीचा आवाज येत होता. बाईंनी आडवळण न घेता विचारलं. लेक म्हणाली, "अगं आई, त्यात काय एवढं? मला काळजी नसेल का तुझी? तुला जायचं होतं, बाबांना भीती वाटत होती. दोघांचं भागलं की नाही?"

"आता कुठे आहेस?"

"घरी निघालेय. चालत."

"बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही. का?"

"तू तिकडे तीन वर्षं एकटी राहतेस. तुझ्यामागे मी कोणाला पाठवलं?"

पलीकडे एक हॉर्न वाजला. मग लेक म्हणाली, "आई, माझं वेगळं आहे."

"हो. तुझं वेगळं आहे. तुला विचारायची पद्धत आहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सोमवारी दवाखाना सुटल्यावर त्या पुन्हा फोटोवाल्याकडे गेल्या. खाणीच्या फोटोचं मूळ त्यांना हवं होतं.

फोटोवाल्यानं बराच वेळ शोधलं. "नाही बाई. त्या वर्षीचे मूळचे मी काढून टाकले. जागा पुरत नव्हती. पुसलेले तेवढे ठेवले. चांगला ठेवून वाईट कोण ठेवतं?"

"आमच्याकडे डाग पुसला तर माणूस जातो," बाई म्हणाल्या. त्याला ते टोचावं असं त्यांच्या मनात नव्हतं. तरी तो ओशाळला आणि चहा सांगायला उठला.

बाईंनी पिशवीतून उशाशी असायचा तो फोटो काढला. काउंटरवर फोटोवाल्याचं भिंग पडलं होतं, मुठीएवढं. ते त्यांनी फोटोवर ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकेक बोट सरकवत नेलं. छातीची फिल्म बघावी तसं. खाणीचा काठ. पाणी. तिथून वर चढणारी पायवाट. वरचा रस्ता. वरच्या रस्त्यावर काही नव्हतं. तिथला प्रत्येक दगड आपल्या जागी होता आणि दुसऱ्यासारखा नव्हता.

बाईंना क्षणभर हायसं वाटलं.

मग भिंग खाली आलं. पायवाटेच्या मध्यावर, खाणीच्या अगदी जवळ, वाळलेल्या गवताचे तीन झुबके होते. एक उंच, एक आडवा झालेला, एक तुटका. आणि त्यांच्या शेजारीच पुन्हा तेच तीन. उंच, आडवा, तुटका. त्याखाली आणखी एकदा तेच.

"हे असं कसं झालं?"

फोटोवाला डोकावला. "बारीक नजर आहे हो तुमची! एक जागा पुसली की ती भरायला शेजारचं गवत उचलून तिथे लावतो आम्ही. लहान ठिपका असला की कळत नाही. हा मोठा असणार, म्हणून तीनदा लावावं लागलं."

"किती मोठा?"

त्यानं अंगठ्याचं नख फोटोवर ठेवून दाखवलं. "एवढा. आता आठवलं. त्याच्या हातात काहीतरी होतं, काठी म्हणा, पंप म्हणा. ते पुसायला फार किचकट गेलं."

बाकीच्या फोटोंत मोहरीचा दाणा आणि या फोटोत अंगठ्याचं नख. अंतर काढायला बाईंना कागद-पेन्सिल लागली नाही. पंचवीस पावलं. फार तर तीस. त्या तिघांची तोंडं त्याच पायवाटेकडे होती आणि बाईंची पाठ. 'हलायचं नाही' असं त्या ओरडल्या तेव्हा तिघांनी एकमेकांकडे बघितलं होतं, असं त्या दोन वर्षं सांगत आल्या होत्या. आता त्यांना वाटलं, आपल्या खांद्यावरून पलीकडेही बघितलं असेल. बाई त्यानंतर खाली बसल्या होत्या, डोळे मिटून. पायवाट चढून वर जायला तो ताठ पाय घेऊन त्याला किती वेळ लागला असेल? तरी फोटो घेईपर्यंत तो निम्म्यावरच होता. आणि फोटो घेताना डोळ्यांत पाणी होतं, म्हणून तो समोर असून दिसला नाही.

"शपथ घेतली माझी," बाई म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही. भिंतीवरच्या सहा फोटोंचं तेवढं बघा. मूळचेच मोठे करा. पुसू नका."

"अहो, पण मोठ्या आकारात तो माणूस दिसेल!"

"दिसू दे. तिथे होताच तो."

बारक्याला बाई काही बोलल्या नाहीत. ज्या पायानं तो पंचवीस पावलांवर धावत आला, तो पाय त्यांनी एक्स-रेत बघितला होता. त्याच्यावर रागवायचं तर धड रागवता येईना, आणि आभार मानावे तर कशाचे? घरातल्या माणसांनी आपल्या सुखाचा एक खेळ मांडला, त्यात आपल्याला सोडून सगळ्यांना पत्ते दाखवले होते. इतकं प्रेमानं फसवलं की भांडायलाही जागा ठेवली नाही. पुढच्या रविवारी तो आला, जेवला. त्यानं काही विचारलं नाही. बाईंनी काही सांगितलं नाही. नवरा दोघांच्या मध्ये हवापाण्याच्या गप्पा मारत राहिला.

मग बाईंनी घरी सांगितलं, रविवारची ड्यूटी मागून घेतलीय. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. आता गावभर भटकणं नाही. तिच्या बदल्यात मिळालेल्या बुधवारच्या सुट्टीचं मात्र त्या बोलल्या नाहीत.

बुधवारी नेहमीच्या वेळेला त्यांनी डबा घेतला, पांढरा कोट घडी करून पिशवीत टाकला, त्याखाली कॅमेरा ठेवला आणि सायकल काढली. दवाखान्याच्या चौकात त्या वळल्या नाहीत. सरळ गेल्या. वस्ती संपली, वीटभट्ट्या मागे पडल्या, डांबर संपलं आणि तांबड्या मातीची वाट लागली. दहा वाजता त्या माळावर होत्या.

चार वर्षांत पहिल्यांदा त्या खरोखर एकट्या होत्या.

अर्ध्या तासात त्यांनी किती वेळा मागे बघितलं, ते त्यांनाच कळलं नाही. गवत हललं तरी बोटं ब्रेकवर जाऊ लागली. लांब कुठेतरी मोटारसायकल वाजली आणि पॅडल मारणं थांबवून त्या कान देत राहिल्या. हा माळ काही नवा नव्हता. इथे त्या मोठ्यानं गाणी म्हणत गेल्या होत्या, एकदा तर झाडाखाली तासभर झोपल्या होत्या. ती झोप कोणाच्या भरवशावर लागली होती, हे तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून लागली. पन्नाशी उलटल्यावर पोहणारीला कोणी सांगावं, की बाई, तुमच्या पोटाखाली आमचा हात होता. तसं झालं होतं. पाणी तेच आणि हातपायही तेच, पण आता बुडायला होत होतं.

परत फिरावं, असं मनात आलं. चाक वळवलंसुद्धा. मग त्या सायकलीवरून उतरल्या आणि सूर्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. फोटो काढणारा शहाणा माणूस असा उभा राहत नाही, त्याची स्वतःची सावली फोटोत पडते. पण मागून कोणी आलंच, तर त्याची सावली आधी पुढे दिसेल, एवढाच त्यांचा विचार होता. समोर गवतावर त्यांची सावली पडली, शेजारी सायकलीची. बाई त्या सावल्यांकडे बघत थांबल्या. बराच वेळ तिसरी सावली आली नाही. छाती धडधडतच होती. तशाच धडधडत्या छातीनं त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि एक फोटो घेतला. एकच.

त्या परतल्या तेव्हा दुपारचा एक वाजला होता. घरी जायला अजून चार तास होते. त्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला गेल्या, जिथे रुग्णवाहिका धुवायचा नळ होता. सायकल भिंतीला लावली, पदर खोचला आणि फडकं ओलं करून चाकं पुसायला लागल्या. मातीचा रंग असा की दवाखान्याच्या रस्त्यावर शोधून सापडला नसता. टायरच्या खाचांतली माती त्यांनी काडीनं कोरून काढली. मग एकेक तार पुसली. मग साखळीवरचा पत्रा.

रुग्णवाहिकेचा चालक आडवा पडून विडी ओढत होता. तो म्हणाला, "बाई, आज सुट्टी ना तुमची?"

"हो."

"मग इकडे कशा?"

"पाणी बरं येतं इथे," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा नवरा दारातच वर्तमानपत्र घेऊन बसला होता. त्यानं पाय आखडून वाट दिली. "दमलेली दिसतेस. गर्दी होती का?"

"खूप," बाई म्हणाल्या.

त्यांनी सायकल उंबऱ्यावरून उचलून आत घेतली. चाकं अजून ओलसर होती. फरशीवर एक ओली रेघ उमटली, जराशी वाकडी, दारापासून भिंतीपर्यंत. नवऱ्यानं ती बघितली आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. तो पान वाचून होईपर्यंत ती वाळूनही गेली.